सतरा नंबरची बाटली

फॉर्मवर पहिला रकाना: बिअरचं नाव.
मी लिहिलं, बिअर.
दुसरा: प्रकार.
तिथेही तेच.
तिसऱ्यापाशी पेन अडलं:
यीस्ट कुठून आणलं?

बावीस वर्षं मी सारेमाच्या धक्क्यावर
फेरीबोटीची तिकिटं फाडते.
काचेपलीकडून उलटे कागद वाचते,
नंबरावरून गाडी ओळखते,
गाडीवरून माणूस,
आणि सामानावरून कळतं
कोण दवाखान्यात चाललंय, कोण कायमचं.
पण स्वतःबद्दल खरं लिहायचा प्रसंग
फारसा आला नव्हता.

खरं असं,
की जानेवारीत विहिरीतली दोरी ओढली
आणि ती हलकी आली.
टोकाला नुसती गाठ.
वडिलांच्या हातचं विरजण, बरणीसकट, तळाशी.

तसलं विरजण आता आसपास एकाच घरी,
काल्यूकडे.
आमच्यामध्ये एक दगडी बांध,
आणि बांधावर अकरा वर्षं:
आधी माझी गाय, मग त्याचा ट्रॅक्टर,
मग कुरेसारेचे दोन वकील.
सकाळी एकमेकांच्या धुराड्याकडे पाहायचं,
धूर दिसला की समजायचं, आहे अजून.

दोन महिने टाळलं.
स्पर्धा तोंडावर आली तेव्हा गेले,
शनिवारी, नेमकी त्याची सॉनाची वेळ.
दार उघडलं तर टॉवेल गुंडाळलेला काल्यू,
खांद्यांतून वाफ निघतेय,
पाय बर्फात.
मी म्हणाले, विरजण.
तो तसाच अनवाणी विहिरीकडे गेला.
बरणी हातात ठेवून म्हणाला,
‘बरणी परत दे.’
अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

मग जुनिपर तोडला,
पिपाच्या तळाशी फांद्या अंथरल्या,
वर माल्ट, वर कढत पाणी.
खालून रस गळू लागला,
करंगळीएवढी धार,
गोड, थोडी धुरकट,
हाताला चिकटणारी.
कोपर बुडवून पाहिलं, तान्ह्याच्या अंघोळीचं पाहतात तसं.
सोसवेल इतकं निवलं, तेव्हा काल्यूची बरणी ओतली
आणि पिपावर वडिलांचा कोट टाकला.
पहाटे कोट वर उचलला गेला होता.
खाली फेस, पिवळट, उर्मट.

तिसऱ्या रकान्यात शेवटी लिहिलं:
घरचं.

सांस्कृतिक भवनात सव्वीस बाटल्या,
नावं काढलेली, मानेला नंबर.
परीक्षक तिघे: एक दाताची डॉक्टर,
एक निवृत्त कॅप्टन,
आणि टालिनहून आलेला एक पोरगा
जो घोट घेण्याआधी डोळे मिटायचा.
मी मागच्या बाकावर,
काल्यू खिडकीपाशी, इस्त्रीच्या शर्टात.
त्याच्याकडे इस्त्री आहे हे मला माहीत नव्हतं.

बराच वेळ कुजबुज.
मग दातांची डॉक्टर उठली:
‘चार आणि सतरा, दोघांनी पुढे यावं.’

आम्ही पुढे गेलो.
ती म्हणाली, ‘या दोन बाटल्या एकाच घरच्या आहेत.
नियमाने एका घरातून एकच बाटली.’
‘नाही,’ मी म्हणाले.
‘नाही,’ काल्यू म्हणाला,
त्याच क्षणी, त्याच सुरात.
आणि सगळं भवन हसलं,
कारण बांध सगळ्यांना माहीत होता.
कॅप्टन तर इतका हसला की
त्याची पेन्सिल माझ्या पायाशी आली.

बक्षीस मिळालं टार्तूच्या एका जोडप्याला,
रुबाब घातलेल्या बिअरला, म्हणजे रूबार्ब,
त्या आंबट देठांना आमच्याकडे कुणी ढुंकून विचारत नाही.
मला एकोणतीस गुण.
काल्यूच्या कागदावर, उलट्या, वाचलं:
एकोणतीस.
शेरे वेगळे. माझ्या: ‘किंचित घाई झाली.’
त्याच्या: ‘किंचित उशीर.’

बाहेर गाड्यांपाशी तो थांबला.
किल्ली हातात फिरवत राहिला.
‘बरणी?’
‘गाडीत आहे,’ मी म्हणाले, ‘आणून देते कधीतरी.’

गाडीत नव्हती.
विहिरीत होती,
नव्या दोरीला.